सगळं समोरच आहे

गेल्या महिन्यात लॅपटॉपचा चार्जर दुरुस्त करायला घराजवळच्या दुकानात गेलो होतो. दुकान कसलं, जिन्याखालची बोळवजा जागा. तापलेल्या सोल्डरचा वास, भिंतीवरच्या पंख्याची खडखड, काउंटरवर पोट उघडलेले तीन लॅपटॉप आणि स्टीलच्या वाट्यांत मशीनवार ठेवलेले बारीक स्क्रू. माझ्या आधी एक आजी उभ्या होत्या. साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीतून त्यांनी लॅपटॉप काढला तो टॉवेलात गुंडाळलेला. मुलानं तो चालू केला, सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागली तेवढा वेळ दुसऱ्या मशीनचा पंखा पुसून घेतला आणि मग म्हणाला, "आजी, विंडोज १० चं ऑक्टोबरमध्येच संपलं. सगळं नव्यानं टाकावं लागेल. सीमध्ये काही आहे का?" आजींनी विचारलं, "सी म्हणजे?" "म्हणजे सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं?" आजी क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "मला ते सी-बी नाही कळत रे. माझं सगळं समोरच आहे." मुलगा म्हणाला, "मग काही प्रॉब्लेम नाही. डीमधलं तसंच राहतं."

माझ्या तोंडून "थांब, थांब" इतक्या मोठ्यानं निघालं की आजी दचकल्या.

आजींचं "समोर" म्हणजे डेस्कटॉप. लॅपटॉप उघडला की जे दिसतं ते. त्यांच्या दृष्टीनं ती टेबलावर ठेवलेली वस्तू आहे, कुठल्या कपाटात नाही. पण ते टेबलच सी ड्राइव्हमध्ये असतं, म्हणजे डिस्कच्या ज्या कप्प्यात विंडोज राहतं त्यात; डी हा शेजारचा कप्पा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स ही सगळी फोल्डरं मुळात सीमध्येच, वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात राहतात. सी पुसला की ती जातात. कधीकधी हीच फोल्डरं कुणी नकळत वनड्राइव्हला जोडून ठेवलेली असतात. मग त्यातला काही भाग इंटरनेटवर असतो, पण फुकटची जागा ५ जीबीच, ती भरली की पुढचं वर चढत नाही आणि कोपऱ्यातल्या त्या छोट्या खुणेकडे कोण बघतं? आजींच्या डेस्कटॉपवर दोन फोल्डर होते. एकात नातवंडांचे फोटो, दुसऱ्यात यजमानांच्या पेन्शनचे स्कॅन केलेले कागद. शिवाय भिशीचा हिशेब असलेली एक वर्ड फाइल सुटीच पडली होती. मिळून ११ जीबी. मुलानं मुकाट्यानं पेनड्राइव्ह लावला. चुकार मुलगा नव्हता तो. दिवसाला दहा मशीन हातावेगळी करायची असतात, आणि हा प्रश्न त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलेला असणार, जसा मला कुणीतरी शिकवला होता.

कॉपी होत होतं तोवर आजींना एवढंच सांगितलं की "संपलं" म्हणजे मशीन बंद पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेची नेहमीची अपडेट्स येणं थांबलं, इतकंच. घरगुती वापरासाठी त्यापुढे वर्षभराची, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव सोय दिली गेली. त्यांचा लॅपटॉप २०१७ सालचा. त्यावर विंडोज ११ रीतसर बसणार नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात ती मात्र विंडोजमुळे कमी आणि आत फिरणाऱ्या तबकडीमुळे जास्त. ती काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी डिस्क, बसवली तर हाच लॅपटॉप त्यांना नवा वाटेल. मुलगा म्हणाला, "तेच करू." मग मी त्याला पेनड्राइव्हमधली भिशीची फाइल उघडून दाखवायला सांगितली. नातवंडांचे दोन फोटोही. तो जरा वैतागला, पण उघडल्या त्यानं. आजी वाकून म्हणाल्या, "हां, हीच."

घरी आलो, जेवलो, आडवा झालो. झोप येईना. "सीमध्ये काही आहे का?" हे वाक्य मी माझ्याच आवाजात ऐकत होतो.

२००५ चा मे महिना. सातारा. मी पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीला घरी आलेलो. आमच्या कॉलनीत तोवर सात-आठ घरांत कॉम्प्युटर झाले होते आणि त्या सगळ्यांचा डॉक्टर मी होतो. माझ्याकडे एक कप्प्याकप्प्यांची पिशवी असे. त्यात विंडोज एक्सपीची सीडी, ड्रायव्हरांच्या चार सीड्या, एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, रंगाचा ब्रश आणि एक खोडरबर. खोडरबर हे माझं सगळ्यात मोठं शस्त्र. मशीन चालू केल्यावर स्क्रीन काळा राहून आतून टूं टूं आवाज आला की बहुतेक वेळा रॅमची पट्टी हललेली किंवा तिच्या सोनेरी दातांवर मळ साचलेला असे. बटण बंद करायचं, वायर काढायची, पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवायची, पट्टी काढून दातांवरून खोडरबर हलकेच फिरवायचा, भुगा फुंकरीनं नव्हे तर ब्रशनं झाडायचा, कारण फुंकरीत थुंकी असते, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या कट्‌ वाजेपर्यंत पट्टी दाबायची. पडदा उजळला की घरातली माणसं जे बघत माझ्याकडे, त्याची मला चटक लागली होती. दुसरा हमखास आजार घड्याळाचा. रोज सकाळी मशीन आपलं एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर. त्याला मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर २०३२, बदलला की झालं. आजही घरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये तारीख चुकू लागली आणि वेबसाइटी "सुरक्षित नाही" म्हणून उघडेनाशा झाल्या तर आधी तो सेल बघावा. लोक उगाच अँटिव्हायरस विकत घेतात.

शेवटच्या गल्लीत काका राहायचे. निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर, साठी ओलांडल्यावर त्यांनी एमएससीआयटीचा क्लास लावला. सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं आणि त्यांत काका, वहीत आखीव रेघा मारून "माउसचे उजवे बटण" असं लिहून घेणारे. कॉम्प्युटर त्यांनी एका कामासाठी घेतला होता. पाटण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर रविवारी एसटीनं जाऊन ते म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. हे काम मोठ्या प्रमाणावर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी केलेलं आहे, महाराष्ट्रभरातून लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या प्रकल्पात जमल्या. काकांना त्यांच्याबद्दल आदर होता, पण ते म्हणत, "त्या माणसांना माझ्या गावची वाट थोडीच ठाऊक होती." काकांची स्वतःची आई त्या गावची. वह्या भरल्या, मग काकांनी त्या वह्या दोन बोटांनी, इनस्क्रिप्ट कळफलकावर, एकेक अक्षर टाइप करून वर्डमध्ये उतरवल्या. त्यांना तीन वर्षं लागली. २००४ च्या दिवाळीत घर रंगवायला काढलं तेव्हा वाळवी लागलेल्या वह्या त्यांनी रद्दीत दिल्या. कॉम्प्युटरमध्ये आलंय म्हटल्यावर वह्या हव्यात कशाला? हे त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं आणि मी, कॉम्प्युटरवाला, म्हणालो होतो, "बरोबर केलंत."

त्या मे महिन्यात त्यांचं मशीन फार हळू झालं. मी गेलो, बघितलं, निकाल दिला: फॉरमॅट. आणि विचारलं, "काका, सीमध्ये काही आहे का?"

काका म्हणाले, "ओव्या आहेत. बाकी काय वाटेल ते कर. त्या तेवढ्या सांभाळ."

मी त्या सांभाळल्याही. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. माय डॉक्युमेंट्समधून ओव्यांचं फोल्डर शोधलं, तेवीस फाइली होत्या, त्या डीमध्ये कॉपी केल्या, पुन्हा मोजल्या. तेवीस. मग सीडी घातली, बूट केलं, निळ्या पडद्यावर सी पुसला. ४० जीबीची डिस्क, कुरकुरत फॉरमॅट झाली. "३९ मिनिटे शिल्लक" असं एक्सपी सांगायचं ते कधीच ३९ मिनिटांत संपायचं नाही. मध्ये भारनियमनाची वेळ झाली, यूपीएस कोकलायला लागला, मी घाम पुसत बसलो, काकूंनी कैरीचं पन्हं आणून दिलं. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी सगळं लागलं, आवाजाचा ड्रायव्हर लागला, एक्सपीची ती सुरुवातीची धून वाजली. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. "आता दाखव." मी डीमधली पहिली फाइल उघडली.

पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी ई, डोक्यावर तिरकी रेघ असलेला, ओळीच्या ओळी भरून. मध्येच वर्तुळातला आर, अधिकचं चिन्ह, टोपी घातलेले ए आणि आय. दुसरी फाइल उघडली, तसंच. तिसरी. मला वाटलं, आणि मी तसं अगदी ठामपणे बोललो, की व्हायरसनं खाल्ल्यात. त्या काळात व्हायरस सगळीकडे पसरत होते, त्यामुळे ते खरंही वाटण्यासारखं होतं. काकांनी विचारलं, "परत नाही येणार?" मी म्हणालो, "नाही काका. करप्ट झाल्यात. ठेवल्या तर नव्या विंडोजलाही लागण होईल." आणि तेवीसच्या तेवीस फाइली निवडून शिफ्ट दाबून डिलीट मारलं, म्हणजे रिसायकल बिनमध्येही जाऊ नयेत.

काका म्हणाले, "बरं." मग उठून त्यांनी देवघरातल्या डब्यातून शंभराची नोट आणून माझ्या हातात ठेवली. मी नको म्हणालो, मग घेतली.

त्या फाइलींना काहीही झालं नव्हतं. हे मला कळायला सहा वर्षं लागली. २०११ मध्ये पुण्यात एका कामात जुनी परिपत्रकं आमच्याकडे आली. उघडली, आणि तोच तिरक्या रेघेचा ई ओळीनं उभा. माझ्या पोटात कसंतरी झालं. शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ सहकारी मान वर न करता म्हणाले, "अरे, सुरेख फॉन्टमध्ये आहे ते. फॉन्ट टाक, दिसेल." त्यांनी मेलवर फॉन्टची फाइल पाठवली, मी ती फॉन्ट्सच्या फोल्डरात टाकली, वर्ड बंद करून उघडलं, आणि सगळं परिपत्रक मराठीत, स्वच्छ, काना-मात्र्यासकट. मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. काका २००९ मध्येच गेले होते.

ज्यांच्या घरात जुन्या फाइली आहेत त्यांच्यासाठी हे नीट सांगतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी पोचण्याआधी कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हतं. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली, पण विंडोजमध्ये ती सोय आली विंडोज २००० पासून, आणि एक्सपीमध्येही ती सीडी घालून वेगळी चालू करावी लागे. तोवर, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, आपण एक युक्ती वापरली. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असतो. फक्त त्याला चढवलेला पोशाख मराठी. पोशाख गेला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या सुरेख, योगेश या फॉन्टांत काना म्हणजे तो तिरक्या रेघेचा ई. मराठीत जवळपास प्रत्येक अक्षराला उभी दांडी, म्हणून पानभर तोच ई दिसतो. 'अ' तिथे अधिकच्या चिन्हानं सुरू होतो, 'र' वर्तुळातल्या आरनं. कृतिदेवची तऱ्हा वेगळी, तिथे साधी इंग्रजी अक्षरं असतात: 'आहे' लिहिलेलं असेल तर व्ही, के, जी, एस असं दिसतं. श्रीलिपीची आणखी तिसरी. म्हणजे हे गचाळ दिसणारं पान मुळीच गचाळ नसतं. त्याला आपला क्रम असतो, आपला नियम असतो. व्हायरसनं किंवा डिस्कच्या बिघाडानं खाल्लेली फाइल अशी नसते. ती उघडत तरी नाही, किंवा तिच्यात चौकोन आणि प्रश्नचिन्हं विस्कटून पडलेली असतात, मध्येच कुठूनतरी संगणकाचीच बडबड येते. इथे शब्दांमध्ये जागा असते, ओळी ओवीसारख्या तुटलेल्या असतात.

ओळी ओवीसारख्याच तुटलेल्या होत्या. मी बघितल्या होत्या त्या.

आणि त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट. फॉन्ट मशीनमध्ये नसला तरी वर्ड त्या मजकुराच्या फॉन्टचं नाव विसरत नाही. वरच्या पट्टीत, जिथे एरवी टाइम्स न्यू रोमन वगैरे लिहिलेलं असतं, तिथे ते नाव तसंच दिसतं. म्हणजे त्या संध्याकाळी पडद्याच्या वरच्या बाजूला, माझ्या आणि काकांच्या डोळ्यांसमोर, डीव्हीबी-टीटी सुरेख असं लिहिलेलं असणार. मी सी पुसला तेव्हा काकांच्या डीटीपीवाल्या मित्रानं टाकून दिलेला तो फॉन्ट पुसला गेला, कारण फॉन्टही सीमध्येच, विंडोजच्या फोल्डरात राहतात. मी तेवीस फाइली मोजून वाचवल्या आणि त्या वाचायची किल्ली फेकली. मग किल्ली नाही म्हणून फाइलीही फेकल्या. त्या रात्रीसुद्धा काही करता आलं असतं. डिलीट म्हणजे डिस्कवरून अक्षरं पुसणं नव्हे, त्या जागेवरची पाटी काढणं असतं. त्या जागेवर नवं काही लिहिलं जात नाही तोवर फोटोरेक, टेस्टडिस्क यांसारखी फुकट साधनं ते उचलून आणू शकतात. म्हणून चुकून काही पुसलं गेलं तर त्या डिस्कवर पुढे काहीही करू नये, मशीन बंद करावं आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून शोधावं. हल्लीच्या एसएसडीत मात्र ही मुभा फार थोडी, ती मोकळी झालेली जागा स्वतःच लगेच साफ करायला घेते. पण काकांची ती फिरती तबकडी होती. त्याच डीवर मी दुसऱ्या दिवशी त्यांना किशोरीताईंची गाणी भरून दिली. मला वाटलं, त्यांना जरा बरं वाटेल.

दुकानातल्या त्या प्रसंगानंतरच्या रविवारी मी साताऱ्याला गेलो. आमचं घर आता भाड्यानं दिलंय, त्यामुळे कॉलनीत जायचं तसं कारण नव्हतं. काकू एकट्याच असतात. गुडघे दुखतात, पण ताक त्यांनीच घुसळलेलं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सांगितलं. फॉन्ट म्हणजे काय हे समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी मी म्हणालो, "काकू, त्या ओव्या होत्या तिथेच. त्या दिवशी मला वाचता आल्या नाहीत, आणि मी त्या पुसल्या." काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते परत जाणार होते त्या गावांना. पुन्हा उतरवून आणतो म्हणाले. दोनदा गेलेही. पण तोवर बायका राहिल्या नव्हत्या." माझी समजूत घालायला त्यांनी काही म्हटलं नाही, आणि ते मला बरंच वाटलं. उठून आतून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. "बघ यात काही आहे का. मी टाकल्या नाहीत."

डब्यात सात फ्लॉप्या होत्या. काका प्रिंट काढायला डीटीपीवाल्याकडे फाइली फ्लॉपीवरून नेत असत. लेबलांवर त्यांचं ते शाळेतलं, गोल, डावीकडे न झुकणारं अक्षर. एकीवर "ओव्या १ ते १२". ती मी आधी हातात घेतली. धातूची पट्टी सरकवून आत बघितलं तर तपकिरी चकतीवर पांढुरक्या बुरशीचे ठिपके. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नसते. बुरशी वाचणाऱ्या डोक्याला चिकटते आणि तेच डोकं पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खरवडतं. ती बाजूला ठेवली. बाकीच्या सहा पुण्याला आणल्या. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह एका मित्राकडे निघाला. प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी चौकोनी खिडकी उघडी करून घेतली. ती उघडी असली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, म्हणजे माझ्याकडून पुन्हा काही पुसलं जायची भीती नाही. आधी प्रत्येक फ्लॉपीची जशीच्या तशी एकसंध प्रत काढायची आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं, कारण विसेक वर्षं जुनी चकती किती वेळा फिरेल सांगता येत नाही. चार फ्लॉप्या कर्र कर्र करून थांबल्या. एक वाचली गेली ती रिकामी. "सोसायटी" असं लेबल असलेली सहावी पूर्ण वाचली गेली.

बहुतेक नोटिसा होत्या. पाण्याची वेळ, गणपतीची वर्गणी, जिन्यात सायकली लावू नयेत. सगळीकडे तोच तिरका ई, आणि आता तो बघून मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. शेवटची फाइल नुसती "यादी" नावाची. ती मी आधी फॉन्टशिवायच बघत राहिलो. एक तक्ता होता, चार रकाने. मग फॉन्ट टाकला. गाव, कोणाकडून, तारीख, ओव्यांची संख्या. ओव्या नव्हत्या, ओव्यांची यादी होती. एकोणीस गावं, एकेचाळीस बायका. बऱ्याच जणींचं नाव नाही, "अमक्याची आई", "शाळेमागच्या मावशी", "वरच्या आळीतली थोरली".

ती यादी युनिकोडमध्ये आणायला एक संध्याकाळ गेली. रूपांतर करून देणारी फुकट साधनं इंटरनेटवर आहेत, काम बरंचसं ती करतात. पण हाती आलेलं डोळ्यांखालून घालावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे चुका होतात त्या तिथेच, आणि जोडाक्षरांत. "मार्च"चा रफार घसरून पुढच्या आकड्यावर बसला होता. मूळ फाइल मी हात न लावता वेगळी ठेवली, आणि तिच्याच फोल्डरात तो फॉन्टही ठेवला. घरातली एखादी जुनी फाइल युनिकोड आहे की नाही हे बघायचं असेल तर सोपा उपाय आहे: तिच्यातली एक ओळ उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवा. तिथे मराठी दिसली तर फाइल कुठल्याही मशीनवर मराठीच राहील. इंग्रजी खिचडी दिसली तर आजच्या आज तो फॉन्ट शोधून फाइलीजवळ ठेवा आणि फाइलीची पीडीएफही काढून ठेवा. पीडीएफच्या पोटात फॉन्ट जातो, त्यामुळे ती निदान वाचता येत राहते. आणि आई-वडिलांचं मशीन कुणी फॉरमॅट करायला घेतलं तर "सीमध्ये काय आहे" असं त्यांना विचारू नका. शेजारी बसा आणि म्हणा, तुम्ही रोज काय काय उघडता ते मला उघडून दाखवा. ते दाखवतील. त्यांना सगळं ठाऊक असतं, फक्त त्याला आपण काय म्हणतो ते ठाऊक नसतं.

बुरशीची फ्लॉपी अजून काकूंच्या घरी आहे, डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत. ती उघडून चकती धुवायची पद्धत आहे, पण मी अजून हात लावलेला नाही. आधी टाकाऊ फ्लॉप्यांवर दहा वेळा करून बघणार आहे.

काल रात्री काकूंना फोन करून यादी वाचून दाखवली. एकेका गावाला त्या "हं" म्हणत होत्या. बाराव्या की तेराव्या नावाशी मी वाचलं, "सौ.ची आई, २ मार्च २००२, ४७." फोनवर हं आलं नाही. मग काकू म्हणाल्या, "ती माझी आई. तिच्याकडे आम्ही दोघं मिळून गेलो होतो. पण आकडा चुकलाय बघ. एकावन्न झाल्या होत्या. शेवटच्या चार तिनं आम्ही निघताना चपला घालता घालता सांगितल्या, तेव्हा यांची वही पिशवीत गेली होती." मी विचारलं, त्या चार आठवतात का? त्या म्हणाल्या, "दोन येतील. उद्या सकाळी फोन कर, आत्ता नको."

मी ४७ चे ५१ केले, शेजारी कंसात काकूंनी सांगितलेलं लिहिलं, फाइल सेव्ह केली, पेनड्राइव्हवर घेतली, आणि पेनड्राइव्ह काढण्याआधी तिथली प्रत उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.